कोळशातून तेल: केमिकल नेमकं काय करतं?

बरेच जण विचारतात, "सर, आपल्याकडे एवढा कोळसा आहे, एक केमिकल टाकून त्याचं डिझेल का करत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. डिझेल संपलेला रणगाडा म्हणजे चाळीस टन लोखंड, हे आम्हा फौजींना वेगळं सांगावं लागत नाही.

आधी मूळ अडचण पाहू. डिझेलमध्ये कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे जवळपास दोन अणू असतात. दगडी कोळशात एकही पुरता नसतो. म्हणजे हायड्रोजन बाहेरून भरावाच लागतो. जर्मनीच्या फ्रीडरिख बेर्गियुसने ते साधलं, आणि १९३१ चं नोबेल त्याला कार्ल बॉशबरोबर मिळालं.

कोळशाची पूड तेलात कालवून, प्रचंड दाबाखाली ४०० ते ४५० अंशांपर्यंत तापवली की तिचे मोठे रेणू तुटतात. तुटलेली टोकं भारी उतावळी! लगेच हायड्रोजन मिळाला तर तेल होतं. नाही मिळाला तर ती एकमेकांनाच चिकटतात आणि कोक होतो, मूळ कोळशापेक्षाही हट्टी. टेट्रालिनसारखं द्रव्य इथे रसद पोहोचवतं. स्वतःचे चार हायड्रोजन अणू देऊन ते नॅप्थलीन, म्हणजे आपली डांबरगोळी, बनतं. त्यात पुन्हा हायड्रोजन भरायचा आणि कामाला लावायचं. हे भरण्याचं काम लोह आणि गंधकाचं संयुग करतं. मॉलिब्डेनम जास्त प्रभावी, पण महाग. शिवाय राखेतून तो परत काढणं जिकिरीचं. त्यापेक्षा वापरून टाकून देता येईल असं लोखंड बरं. जर्मनांनी तर ॲल्युमिनियम उद्योगातला लाल गाळसुद्धा वापरला.

पण केमिकल हायड्रोजन वाहून नेतं, निर्माण करत नाही. तो बहुधा कोळशाचाच वायू करून मिळवतात, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर निघतो. दुसरी अडचण राखेची: आपल्या बऱ्याच कोळशात ती ३० ते ४५ टक्के. आसामात मार्गेरिटाकडचा कोळसा अपवाद. तिथे राख कमी, गंधक जास्त. वीजघराला नकोसा वाटणारा गंधक इथे उपयोगी पडतो.

दक्षिण आफ्रिकेच्या सासोलने १९५५ मध्ये दुसरी वाट धरली: आधी वायू, मग लोखंडी उत्प्रेरकावर तेल. राख पहिल्याच टप्प्यात बाजूला. आपल्या राखाळ कोळशासाठी मला तीच वाट बरी वाटते. त्या लोखंडात चिमूटभर पोटॅशियम का घालतात, ते पुढच्या भागात.