घरबांधणीच्या विमानात इंधन पंप कोठे बसवावा?

झाशी : मे महिन्यात झाशीच्या छावणी परिसरात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी उन्हात उभे राहिलेले छोटे विमान टाकीत भरपूर पेट्रोल असूनही उड्डाणानंतर काही क्षणांतच इंजिन गमावू शकते. पेट्रोल संपलेले नसते. नळीत वाटेतच त्याची वाफ झालेली असते आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपाला ती पुढे नेता येत नाही. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. हा धोका बराचसा पंपाच्या जागेवर अवलंबून असतो.

कारखान्यात तयार झालेल्या विमानात ही जागा उत्पादकाने आधीच ठरवलेली असते. स्वतः विमान बांधणाऱ्याला मात्र ती स्वतःच ठरवावी लागते. भारतात असे बांधकाम विरळच. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली.

पंप इंधन ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि टाकीतील इंधनावरचा हवेचा दाब इंधन त्याच्याकडे लोटतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर १०,००० फुटांवर जेमतेम ७०. विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंश तापमानाला ३८ ते ४९ किलोपास्कल असतो आणि उष्णतेबरोबर तो वाढतो. पंप टाकीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर केवळ इंधन वर चढवण्यातच सुमारे ७ किलोपास्कल खर्च होतात. गाळणी, वळणे आणि अरुंद नळ्या उरलेल्यातून आपला वाटा घेतात. नळीतला दाब बाष्पदाबाखाली गेला की पेट्रोल उकळू लागते.

म्हणून विजेवरचा पंप टाकीच्या तळाच्या पातळीवर किंवा त्याखाली, टाकीच्या शक्य तितक्या जवळ आणि इंजिनाच्या उष्णतेपासून दूर असावा. पंपानंतरच्या नळीत इंधन दाबाखाली असल्याने ते सहसा उकळत नाही. सोयीसाठी अनेक जण हा पंप इंजिनकक्षातील अग्निरोधक भिंतीवर बसवतात. तेथे नळ्या जोडणे सोपे, पण जागा सर्वांत तापणारी. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि या कक्षाचे तापमान काही वेळ उलट वाढत राहते. त्यामुळे थोड्या विश्रांतीनंतरचे दुसरे उड्डाण अधिक धोक्याचे ठरते.

पंपाआधीच्या नळीतली गळती अधिक फसवी असते, कारण तेथून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. त्या भागात जोड कमी ठेवावेत, टाकीच्या तोंडाशी जाड जाळी असावी आणि बारीक गाळणी पंपानंतर लावावी. पंप बैठककक्षात बसवल्यास गळलेले इंधन व त्याची वाफ बाहेर जाण्याची वाट हवीच.

पंख वर असलेल्या विमानात गुरुत्वाकर्षण मदतीला येते. पंख खाली असले की सगळी भिस्त पंपावर. अशा विमानात एकच पंप दोन्ही टाक्यांतून एकदम ओढू लागला आणि एक टाकी रिकामी झाली, तर दुसरी भरलेली असूनही तो सोपी वाट म्हणून हवाच खेचतो. म्हणूनच खाली पंख असलेल्या बहुतेक विमानांच्या निवडक झडपेवर ‘दोन्ही’ ही खूण नसते.

इंजिनावर चालणारा पंप असल्यास विजेचा पंप आधार म्हणून लावतात, पण एक पंप बंद पडल्यावर त्यातून इंधन सुरळीत वाहते की नाही, हे आधी तपासावे लागते. दोन्ही पंप विजेचे असतील, तर त्यांचा वीजपुरवठा स्वतंत्र हवा. इथेनॉलमिश्रित मोटारपेट्रोल वापरायचे तर अधिक जपावे लागते; इथेनॉलच्या कमी प्रमाणातील मिश्रणाने बाष्पदाब वाढतो आणि काही रबरी भाग खराब होतात.

अखेरची परीक्षा जमिनीवरच घेता येते. विमानाचे नाक तीव्र चढाईच्या कोनात उचलून, टाकीत अगदी थोडे इंधन ठेवून, इंजिनाकडे मिनिटाला किती लिटर पोहोचते ते मोजतात. छोट्या विमानांच्या जुन्या अमेरिकी नियमांत पंपाच्या यंत्रणेला उड्डाणाच्या वेळच्या गरजेच्या १२५ टक्के, तर केवळ गुरुत्वावर चालणाऱ्या यंत्रणेला १५० टक्के प्रवाह आवश्यक मानला होता. ही मोजणी प्रत्येक पंप एकेकटा चालवून करायची असते.