एक चेंडू, दोन नियम

क्रिकेटमध्ये एकच चेंडू नो-बॉलही असेल आणि वाइडही, तर तो नो-बॉलच धरला जातो. असाच प्रश्न बेसबॉलच्या पंचांपुढे येतो, तेव्हा ते काय करतात ते पाहू.

बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फलंदाज चेंडू मारून एकेक बेस गाठतो. चौथा गाठला की धाव होते आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते.

समजा, फलंदाजामागे बसलेल्या कॅचरचा हातमोजा बॅटला लागला. पंच खेळ लगेच थांबवत नाहीत. फलंदाजासह सर्वजण एकेक बेस पुढे गेले, तर ही चूक सोडून दिली जाते. एरवी फलंदाजाला पहिला बेस मिळतो. पण तो झेलबाद होऊनही तिसऱ्या बेसवरचा धावक धाव काढून गेला असेल, तर त्यांचा मॅनेजर ती धावच पसंत करू शकतो. चूक करणाऱ्याला तिचा फायदा मिळू नये, हा यामागचा विचार.

आता हाच धावक चौथ्या बेसकडे झेपावत असताना कॅचरने बॅटला अडथळा केला, तर? नुकसान दोघांचे झाले, म्हणून भरपाईही दोघांना मिळते. धावकाची धाव मोजतात आणि फलंदाजाला पहिला बेस देतात.

शिक्षाही अशाच दोन होऊ शकतात. पहिल्या व दुसऱ्या बेसवर धावक असताना, दोनपेक्षा कमी गडी बाद असताना सोपा उंच झेल उडाला, तर फलंदाज झेलापूर्वीच बाद ठरतो. असे नसते, तर क्षेत्ररक्षकाने झेल मुद्दाम सोडून बेसजवळ थांबलेल्या दोन धावकांना बाद केले असते.

२३ मे २०२४ रोजी शिकागोत व्हाइट सॉक्स संघ ओरिओल्सविरुद्ध ६-८ असा मागे होता. शेवटची पाळी, एक गडी बाद. बेनिन्टेंडीचा असाच झेल उडाला. दुसऱ्या बेसकडे परतणारा वॉन क्षेत्ररक्षक हेंडरसनच्या वाटेत आला. हेंडरसनने झेल घेतला, तरी पंचांनी अडथळा दिला. त्यासाठी हेतू असावा लागत नाही. एरवी अशा अडथळ्यात धावक बाद होतो आणि फलंदाजाला पहिला बेस मिळतो. येथे मात्र फलंदाज आधीच बाद होता. दोघे बाद आणि सामना समाप्त!

या निर्णयावर वाद झाला, पण त्यातली तर्काची साखळी स्पष्ट आहे. खेळ केव्हा थांबतो? प्रत्येक नियम कोणाला लागू होतो? एका निर्णयाने दुसरा रद्द होतो का? हे तीन प्रश्न फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना हाच प्रसंग सोडवायला द्यावा, असे आम्ही सुचवतो.