चित्रांना चालवणारे गोखले

मिकी माउस तुम्हाला ठाऊक आहे, पण जी. के. गोखले? नाही ना! १९५६ साली डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत हे गोखले होते. १९५७ मध्ये तिथे जातककथेवरचा ‘बनियन डीअर’ हा चित्रपट बनला.

काम मोठं चिकाटीचं! पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. आपल्या लोणारच्या सरोवराकाठचा मोर दोन सेकंद नाचवायचा, तर चौकटी ४८! तेव्हा संगणक नव्हता, सारं हातानं. एक चित्र चुकलं, की मोर अडखळलाच. आणि नाव? पडद्यावर क्षणभर दिसायचं, तेवढंच.

वहीच्या कोपऱ्यात पानोपानी मोर काढा, थोडा थोडा हलवत. मग पानं भरभर सोडा. मोर नाचला, की गोखल्यांची आठवण काढा!