उंबरठ्याच्या आतला हक्क

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात मळ्यातल्या वस्त्या गावापासून लांब, उसाच्या आड असतात. रात्री कोणी दार फोडू लागलं, तर पोलीस येईपर्यंत घरच्या माणसालाच उभं राहावं लागतं. त्याच्या पाठीशी असलेला कायदा जुना आहे. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केला आणि 1862 पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी किंवा राहत्या घराला आग लावणं रोखताना गरजेपुरता बळाचा वापर करूनही हल्लेखोराचा जीव गेला, तर कलम 103 खाली तो गुन्हा नव्हता. साध्या चोरीत मात्र जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागे.

त्याच ब्रिटिश राजवटीने 1871 मध्ये काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात त्यांची सक्तीची हजेरी बंद केली आणि त्यांतल्याच पारध्यांना पहाऱ्यावर नेमलं. घराच्या रक्षणाबद्दल या भागात घेतलेला याहून शहाणा निर्णय मला ठाऊक नाही.

1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कटनीच्या दंगलीतला खटला आला. शेजारचं दुकान लुटून जमाव एका दुकानदाराच्या दारावर काठ्या हाणत होता, आत बायकामुलं होती. दुकानदाराने गोळी झाडली, एक जण मेला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. अशा घडीला बळ सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असं म्हटलं. 2002 च्या एका निकालात मात्र उघड्या शेतात नुसता शिरकाव झाला म्हणून जीव घेता येत नाही, हे स्पष्ट झालं. बांधावरून कुऱ्हाडी निघतात अशा मुलखात हा निकाल चावडीवर वाचून दाखवायला हवा.

2019 च्या महापुरात नृसिंहवाडी, कुरुंदवाडच्या परिसरातली माणसं घरं सोडून छावण्यांत गेली. मागे राहिली कुलपं. कायदा इथे उदार आहे: शेजाऱ्याच्या मालमत्तेचं रक्षण करणाऱ्यालाही तोच हक्क मिळतो.

पण चोर पकडून खांबाला बांधला की बचाव संपला. त्यानंतरचा प्रत्येक फटका गुन्हा आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर चोरीही झाली नव्हती. मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्या हत्येजवळ ‘स्वसंरक्षण’ हा शब्द उच्चारण्याचाही कोणाला अधिकार नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम 103 आता 41 झालं. ‘रात्री’ऐवजी ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ असे शब्द आले, आगीच्या जोडीला स्फोटकंही आली. बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आजही आरोपीवरच आहे, मात्र तो संभवनीय वाटावा एवढा पुरावा पुरतो. म्हणून 112 ला लगेच फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत तुटलेल्या कडीला हात लावू नये.