बांधामागील शेती आणि खाजगी भांडवल : रायगड किनाऱ्यावरील खारभूमीचा विचार

प्रस्तावना

'हवामान-सुसंगत शेती' ही संज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० साली रूढ केली. अशा शेतीवर आधारलेल्या उद्योगांत खाजगी भांडवल कसे यावे, हा प्रश्न तेव्हापासून विकसनशील देशांत सातत्याने चर्चिला जात आहे. चर्चेचा भर बहुधा व्याजसवलत, पतहमी आणि अनुदान यांवर असतो. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र त्याआधीचा एक प्रश्न उभा राहतो : बांध कोणी राखायचा? प्रस्तुत लेखात या एकाच मुद्द्याचा विचार केला आहे.

खारभूमी आणि तिचा बांध

धरमतर व रेवदंड्याच्या खाड्यांलगत, विशेषतः पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात, भरतीच्या पातळीखालची जमीन बाहेरकाठ्याच्या बांधाने समुद्रापासून राखलेली आहे. पावसाचे पाणी उघाडीवाटे ओहोटीला बाहेर सोडायचे आणि भरतीला उघाडी बंद ठेवायची, एवढ्यावर येथील भातशेती उभी आहे. पहिल्या पावसाने क्षार धुऊन गेल्यावर मोड आणलेले बी फेकून 'रहू' करण्याची रीत येथे जुनी आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणारी भाताची वाणेही दिली आहेत. म्हणजे तंत्राची उणीव नाही. परंतु उधाणात बांधाला एक खांड पडली की एका शेतकऱ्याचे नव्हे, तर बांधामागच्या सर्वांचेच शेत खारावते आणि ते पुन्हा गोडे होण्यास काही पावसाळे जावे लागतात. पीकविमा हंगामापुरता असतो; ही पुढील वर्षे त्याच्या हिशेबात येत नाहीत.

जुनी व्यवस्था

येथे खाजगी भांडवल पूर्वी आलेच नव्हते असे नाही. कुलाबा जिल्ह्याच्या महसूल इतिहासात 'शिलोत्री' पद्धतीचा उल्लेख आढळतो. ज्याने खाजण बांधून शेत केले त्या शिलोत्रीदाराकडे बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी असे, आणि तिच्या मोबदल्यात त्याला कुळांकडून बिघ्यामागे ठराविक भात मिळे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही रचना मार्मिक आहे. उत्पन्नाचा हक्क आणि देखभालीचे कर्तव्य एकाच हाती असल्याने बांधावर केलेला खर्च गुंतवणूकदाराला परत मिळण्याची सोय होती. 'जोळ' या नावाने गावकऱ्यांनी एकत्र येऊन बांधबंदिस्ती करण्याची प्रथाही खारेपाटात होती.

तथापि या इतिहासाचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. सावकार आणि खोत यांच्या हाती गेलेली हीच व्यवस्था कुळांना किती जाचक झाली, हे १९३३ ते १९३९ या काळात चरी येथे झालेल्या शेतकरी संपावरून स्पष्ट होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या संपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. पुढे खोती गेली आणि कुळे मालक झाली. हे न्याय्यच होते. मात्र बांधाचे कर्तव्य जमिनीच्या हक्काबरोबर वाटले गेले नाही. लहान लहान तुकड्यांचे मालक किलोमीटरभर बांध एकेकटे कसे राखणार? १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी ही जबाबदारी प्रामुख्याने शासकीय यंत्रणेकडे आली. परिणामी खांड बुजविण्यास लागणारा काळ पाण्याच्या गतीने नव्हे, तर निधीच्या मंजुरीने ठरू लागला.

विलंबाची किंमत

खांड वेळेत बुजली नाही तर शेतात कांदळवन उगवते. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम व २०१८ च्या अंतिम निर्णयाने संरक्षण मिळाले आहे. किनाऱ्याच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात संरक्षित वनस्पती, अशा जमिनीवर कोणती बँक कर्ज देईल?

या भागात मोठे भांडवल आले तेही शेतीसाठी नव्हे, जमिनीसाठी. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रस्तावावर सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जनमत अजमावण्यात आले. शेतकऱ्यांचा विरोध भावनिक होता असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो हिशेबी वाटतो. धरणाचे पाणी शेताला मिळाले तर जमिनीचे मोल काय होईल, हे त्यांना ठाऊक होते.

कोठे गुंतवणूक शक्य आहे?

खारेपाटातील शेततळ्यांत जिताडा पाळण्याची परंपरा आहे. खाडीत सापडणाऱ्या पिलांवर ती अवलंबून राहिली. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधले असल्याने बीजकेंद्र, शीतगृह व विक्री यांत खाजगी उद्योजकाला खरा वाव आहे. अशा कामासाठी साधनेही आहेत. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून काढणीपश्चात सुविधांच्या २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत मिळते. राज्याचा जागतिक बँक साहाय्यित 'स्मार्ट' प्रकल्प शेतकरी उत्पादक कंपन्यांना खरेदीदारांशी जोडतो. परंतु व्याज तीन टक्क्यांनी कमी झाल्याने तळ्यात शिरणारी भरती थांबत नाही. बांध हे वाटून विकता न येणारे साधन आहे. त्यातून खाजगी नफा निघत नाही आणि तो निघावा अशी अपेक्षाही करू नये.

म्हणून क्रम उलटा लावावा लागेल. बांधाचा भांडवली खर्च शासनाचा. नित्य देखभाल बांधनिहाय शेतकरी संस्थेची, आणि तिच्या निधीत बांधामागे उद्योग करणाऱ्या प्रत्येकाचा हेक्टरी वाटा करारानेच ठरलेला. शिलोत्रीतील हक्क आणि कर्तव्य यांची सांगड येथे टिकते, शिलोत्रीदार मात्र राहत नाही. अशा कराराआधी प्रत्येक बांधाची लांबी, उघाड्यांची अवस्था, पडलेल्या खांडी आणि त्यामागील खातेदार यांची अद्ययावत नोंद लागेल. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व अर्थशास्त्र विभागांना हे काम एका उन्हाळी सुट्टीत, पेण तालुक्यातील एखाद्या खारभूमी योजनेपासून सुरू करता येईल.