रिकाम्या आसनाचे देणे

दक्षिण ऑकलंडमधल्या ओतारा या कष्टकरी वस्तीत, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबात वाढलेले एफेसो कॉलिन्स १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूझीलंडच्या संसदेत पहिले भाषण करायला उभे राहिले. गरिबी आणि १९८०च्या दशकापासूनच्या अर्थधोरणांनी तिला घातलेले खतपाणी हा त्या भाषणाचा गाभा होता. सहाच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, ऑकलंडमधल्या एका धर्मादाय कार्यक्रमात ते कोसळले आणि गेले. वय ४९. ग्रीन पक्षाच्या यादीतून निवडून येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते. मंत्रिपद नव्हते, सत्ताधारी बाकही नव्हते. तरी त्या दिवशी संसदेने सर्व पक्षांची श्रद्धांजली झाल्यावर कामकाज तहकूब केले. पदावर असताना सदस्य गेला तर सभागृहाने त्याचे स्मरण कसे करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर या घटनेत बरेचसे सापडते. सभागृहाने लगेच थांबावे, सगळ्यांसाठी सारखेच थांबावे आणि गेलेल्याचे स्वतःचे शब्द जपावेत. पुतळे, समाध्या, रस्त्यांची नावे हे काम इतरांवर सोडावे.

यातला ‘सारखेच’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २६ जून २०२५ रोजी ते पाती माओरी या पक्षाच्या खासदार ताकुताई टार्श केम्प वयाच्या पन्नाशीत वारल्या. २०२३ मध्ये तामाकी माकाउराउ हा माओरी मतदारसंघ त्यांनी अवघ्या ४२ मतांनी जिंकला होता आणि त्यांचा पक्ष सरकारचा कडवा विरोधक होता. संसदेचे ध्वज त्यांच्यासाठीही अर्ध्यावर आले आणि कामकाज थांबले. सभागृह मान देते तो मताधिक्याला किंवा ज्येष्ठतेला नाही. हजारो माणसांनी ज्याला आपल्या वतीने बोलायला पाठवले, तो आवाज मध्येच थांबला, याची ती दखल असते. शिवाय न्यूझीलंडमध्ये सभागृह शोकाचा सगळा भार स्वतःवर घेत नाही. माओरी समाजात अंत्यविधी म्हणजे तांगिहांगा. तो मराएवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, अनेक दिवस चालतो. लोक थेट पार्थिवाशी बोलतात, गातात, प्रसंगी मृताशी भांडतातही. माजी माओरी व्यवहार मंत्री पारेकुरा होरोमिया २९ एप्रिल २०१३ रोजी खासदार असतानाच वारले, तेव्हा टोलागा बे इथल्या हाउइती मराएवर देशभरातून माणसे लोटली. ज्यांचे दुःख सर्वांत मोठे, त्यांच्या दारी राज्यकर्त्यांनी जायचे, ही रीत मला सरकारी इतमामापेक्षा खोल वाटते.

याच देशात दगडी स्मारकांचाही इतिहास आहे. पदावर असताना वारलेले पंतप्रधान पाच: १८९३ मध्ये जॉन बॅलन्स, १९०६ मध्ये सिडनीहून परतताना बोटीवर गेलेले रिचर्ड सेडन, १९२५ मध्ये विल्यम मॅसी, १९४० मध्ये मायकेल जोसेफ सॅव्हेज आणि १९७४ मध्ये नॉर्मन कर्क. बॅलन्स आणि सेडन यांचे पुतळे संसदेच्या आवारात आहेत. मॅसींचे संगमरवरी स्मारक वेलिंग्टन बंदराच्या टोकावर आहे. पण खरा विचार करायला लावते ते सॅव्हेज यांचे स्मारक. म्हातारपणाचे पेन्शन आणि आजारपणातली मदत ज्यांच्या सरकारने घरोघर पोहोचवली, त्या पहिल्या मजूर पंतप्रधानांची समाधी ऑकलंडच्या ताकापाराफाउ, म्हणजे बॅस्टियन पॉइंट या समुद्रकाठच्या टेकडीवर बांधली गेली. ही जमीन न्गाती फातुआ या जमातीची. एकोणिसाव्या शतकात सरकारने ती संरक्षणाच्या नावाखाली घेतली आणि गरज सरल्यावर परत केली नाही. १९७७ मध्ये जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली जमातीने तिथे ठाण मांडले. ५०६ दिवसांनी, २५ मे १९७८ रोजी, पोलिसांनी आंदोलकांना हुसकावले आणि २२२ जणांना अटक केली. पुढे हेच हॉक सॅव्हेज यांच्याच मजूर पक्षाचे खासदार झाले. सॅव्हेज यांच्यावरच्या लोकांच्या प्रेमात काहीच खोटे नव्हते. मात्र दगडाला जमीन लागते, जमिनीला मालक असतो, आणि एका समाजाची कृतज्ञता दुसऱ्याच्या जखमेवर उभी राहू शकते. संपूर्ण देशाच्या वतीने बोलणाऱ्या सभागृहाने हा धोका पत्करू नये.

स्मरणाची आणखी एक पद्धत आपल्या फार ओळखीची आहे: जागा घरातच ठेवणे. सेडन यांच्या वेस्टलँड मतदारसंघातून त्यांचा मुलगा टॉम निवडून आला. दुसऱ्या महायुद्धात लिबियात मारले गेलेले खासदार आर्थर ग्रिग यांच्या जागी १९४२ मध्ये पत्नी मेरी आल्या. खासदार मातिउ राताना यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये पत्नी इरिआका राताना आल्या आणि संसदेतल्या पहिल्या माओरी महिला ठरल्या. आपल्याकडे आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ मध्ये तासगावातून सुमनताई पाटील निवडून आल्या, तेव्हाची भावना याच जातीची होती. मतदारांचा हा अधिकार कोणी नाकारू नये. पण तो मतदारांचा निर्णय आहे, सभागृहाचे स्मरण नव्हे. आणि आलेल्या माणसाचे मोल पुढे त्याच्या स्वतःच्या कामावरच ठरते. न्यूझीलंडच्या पहिल्या महिला खासदार एलिझाबेथ मॅककॉम्ब्स पती जेम्स यांच्या निधनानंतर सप्टेंबर १९३३ मध्ये लिटलटन इथून आल्या आणि जून १९३५ मध्ये त्याही पदावर असतानाच गेल्या. त्या दोनहून कमी वर्षांत त्यांनी बेकार स्त्रियांच्या मदतीचा आणि पोलीस दलात स्त्रिया घेण्याचा प्रश्न लावून धरला. पोलिसांत स्त्रिया आल्या त्या १९४१ मध्ये. मॅककॉम्ब्स कशासाठी आठवाव्यात, हे त्यांची भाषणे सांगतात. त्या कोणाच्या पत्नी होत्या यावरून ते कळत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येतो: सभागृह थांबले की लोकांची कामे थांबतात. आपल्या संसदेत याची कसोटी २०१७ मध्ये लागली. ३१ जानेवारीला राष्ट्रपतींच्या अभिभाषणाच्या वेळी केरळचे खासदार ई. अहमद कोसळले आणि रात्री उशिरा वारले. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प होता. लोकसभा अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी श्रद्धांजलीनंतर तो मांडू दिला आणि सभागृह दुसऱ्या दिवशी तहकूब झाले. विरोधकांना ते रुचले नाही. अर्थसंकल्पाची तारीख आधी ठरलेली होती, हे खरे. तरीही मला विरोधकांचे म्हणणे पटते, कारण अर्थसंकल्प एक दिवस पुढे गेल्याने देशाचे काही अडले नसते. मुळात असा निर्णय ऐन वेळी घ्यावा लागणे हेच चुकीचे आहे. नियम आधीच ठरलेला असला की कोणासाठी थांबायचे आणि कोणासाठी नाही, हा अवघड प्रश्न कोणत्याही अध्यक्षांपुढे येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शोकप्रस्तावात सगळेच थोर ठरतात. काल ज्याच्यावर आरोप केले, तो आज अजातशत्रू होतो. हे ऐकणाऱ्या नागरिकाला त्यात ढोंग दिसते आणि त्याचे चुकत नाही. शोकप्रस्ताव बंद करून मात्र हे सुटणार नाही; त्यात गेलेल्याचा आवाज आणावा लागेल. प्रत्येक शोकप्रस्तावासोबत त्या सदस्याचे सभागृहातले पहिले आणि शेवटचे भाषण, जसेच्या तसे, छापले जावे. विरोधकांनी केलेली टीकाही इतिवृत्तात शेजारीच असेल, आणि वाचणाऱ्याला माणूस पुरता दिसेल. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात २०१६ मध्ये हत्या झालेल्या खासदार जो कॉक्स यांची स्मृती-ढाल भिंतीवर आहे. तिच्यावरचे शब्द त्यांच्याच पहिल्या भाषणातल्या विचाराचे आहेत. ढाल हिंसेला बळी पडलेल्यांपुरती ठीक आहे, पण शब्द प्रत्येकालाच देता येतात. महाराष्ट्र विधिमंडळात अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव येतात. त्यांना ही दोन भाषणे जोडायला इतिवृत्तापलीकडे काही लागणार नाही, आणि दुर्गम तालुक्यातून एकदाच निवडून आलेल्या आमदाराचे म्हणणेही त्यामुळे टिकेल.

न्यूझीलंडच्या ग्रीन पक्षाचे सहनेते रॉड डोनल्ड ६ नोव्हेंबर २००५ रोजी, नव्या संसदेच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वयाच्या ४८व्या वर्षी अकस्मात गेले. संसदेत येण्याआधी त्यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या निवडणूक पद्धतीसाठी चळवळ केली होती, आणि लोकांनी सार्वमतात ती पद्धत स्वीकारली ६ नोव्हेंबर १९९३ रोजी, म्हणजे बारा वर्षांपूर्वी त्याच तारखेला. त्या पद्धतीत यादीतला खासदार गेला तर पोटनिवडणूक होत नाही. पक्षाच्या यादीतला पुढचा उमेदवार जागा घेतो. सप्टेंबरच्या निवडणुकीत ग्रीन पक्षाला सहा जागा मिळाल्या होत्या आणि सातव्या क्रमांकावरचे नांडोर तांचोस घरी बसले होते. डोनल्ड यांची जागा त्यांनी घेतली.