एका पेल्याच्या दोन चवी

वायनरी म्हणजे द्राक्षांपासून वाइन तयार करण्याचा कारखाना, आणि बहुतेक ठिकाणी त्याला लागून असलेली द्राक्षबाग, वाइन मुरवण्याचे तळघर व चव घेण्याची खोली यांचा मिळून झालेला परिसर. मुंबईपासून सुमारे १७० आणि पुण्यापासून सुमारे २१० किलोमीटरवर असलेल्या नाशिकला असे परिसर पाहण्यासाठी जाणाऱ्या जोडप्यांपैकी पुष्कळांना वाइनची फारशी माहिती नसते, आणि पेला कसा धरावा, काय विचारावे, काही चुकीचे बोलले तर शेजारचे काय म्हणतील, या संकोचातच भेटीचा बराचसा आनंद विरून जातो. हा संकोच अनाठायी आहे, कारण वाइन ओळखण्यासाठी लागणारे मूलभूत शब्द मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असतात, आणि दोघांनी मिळून एकच वाइन चाखणे ही एकट्याने चाखण्यापेक्षा शिकण्याची अधिक चांगली रीत आहे.

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन-उद्योगाचा प्रारंभ खरे तर नाशिकला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगावला झाला, जिथे शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार करणारा इंडेज हा कारखाना उभारला. नाशिकला खाण्याच्या द्राक्षांची शेती पूर्वीपासून होती. मात्र राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर धरणाच्या परिसरात वाइनच्या जातींची लागवड करून सुला ही वायनरी सुरू केली आणि राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष-प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, त्यानंतर या भागाचे चित्र पालटले. आज गंगापूर-सावरगावच्या बाजूला सुला, सोमा व यॉर्क, इगतपुरी तालुक्यातील संजेगावच्या बाजूला ग्रोव्हर झाम्पा व व्हॅलोने, आणि नाशिकपासून दूर सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली, अशा वायनऱ्या पाहुण्यांचे स्वागत करतात. एका दिवसात दोनपेक्षा अधिक ठिकाणी जाऊ नये. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जीभ थकते आणि नंतरचे काहीच लक्षात राहत नाही.

भेट कोणत्या महिन्यात द्यावी, याचे उत्तर बागेतल्या छाटणीत आहे. युरोपात हिवाळ्यात वेल पानगळ होऊन झोपी जाते आणि द्राक्षे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडली जातात. नाशिकच्या उष्ण हवेत वेल अशी झोपत नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमधील छाटणीला शेतकरी खरड छाटणी म्हणतात, आणि तिचा हेतू फळ नसून पुढे घड देणाऱ्या काड्या तयार करणे हा असतो. पावसाळा सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होणारी गोडी छाटणी ही फळासाठी असते, आणि तिच्यानंतर धरलेले घड साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडणीला येतात. पावसाळ्यात फळ धरले असते तर ते भुरी आणि डावणी या बुरशीजन्य रोगांच्या तावडीत सापडले असते, म्हणून निसर्गाने न दिलेली विश्रांती माणसाने कात्रीने दिली, असे या पद्धतीचे वर्णन करता येईल. परिणामी जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला हिरवीगार बाग दिसते पण घड दिसत नाहीत, ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याला नुकत्याच छाटलेल्या उघड्या काड्या दिसतात, आणि फेब्रुवारीत जाणाऱ्याला क्रेटमधून उतरणारी द्राक्षे, चेपणी आणि टाक्यांमधील खळबळ हे सगळे एकाच फेरीत पाहायला मिळते. निवड करण्याची मोकळीक असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा, आणि शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस. गर्दी कमी असली की माहिती देणारा माणूस मनापासून बोलतो.

बागेत एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी: परवानगी घेऊन वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकावा. बाजारातील थॉम्पसन किंवा सोनाका द्राक्षांची सवय असलेल्या माणसाला तो मणी लहान, जाड सालीचा, बियांनी भरलेला आणि कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक गोड लागतो. ही गोडीच पुढे मद्यार्क होते, कारण यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. या क्रियेला किण्वन म्हणतात. धायटीची फुले घालून द्राक्षासव तयार करण्याच्या आयुर्वेदातील रीतीमागेही हेच तत्त्व आहे, जरी औषध म्हणून घेतले जाणारे ते आसव आणि जेवणाबरोबरची वाइन या वेगळ्या वस्तू आहेत. साखर जवळजवळ पूर्ण संपली तर होणाऱ्या कोरड्या वाइनला ड्राय म्हणतात, आणि हा शब्द ऐकून गोंधळणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की येथे कोरडी याचा अर्थ गोड नसलेली असा आहे.

कारखान्यातील फेरीत सर्वांत उद्बोधक माहिती रंगाविषयीची असते. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पिळल्यावर जवळजवळ रंगहीन असतो, रंग असतो तो सालीत. त्यामुळे पांढऱ्या वाइनसाठी साली आधीच वेगळ्या काढून केवळ रस आंबवतात, लाल वाइनसाठी साली आणि बिया रसाबरोबर कित्येक दिवस ठेवतात, आणि रोझे या गुलाबी वाइनसाठी काळ्या द्राक्षांच्या साली काही तासांतच दूर करतात. फेसाळ वाइनचे उत्तम प्रकार करताना आधी तयार झालेल्या वाइनमध्ये थोडी साखर व यीस्ट घालून तिचे बंद बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन घडवतात, आणि बाहेर पडू न शकलेला कर्बवायू वाइनमध्ये विरघळून राहतो. ओक लाकडाची पिंपे दाखवली जातात तेव्हा त्यांच्यामुळे व्हॅनिला किंवा भाजलेल्या लाकडासारखा वास वाइनमध्ये उतरतो, हे लक्षात ठेवून पुढे पेल्यात तो वास शोधावा.

साली आणि बियांबरोबर राहिल्याने लाल वाइनमध्ये टॅनिन नावाची द्रव्ये उतरतात, आणि येथेच मराठी भाषेचा खरा लाभ होतो. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकतात, त्यामुळे जिभेवर आणि हिरड्यांवर जो खरखरीत, आवळल्यासारखा अनुभव येतो तो नवख्या इंग्रजी वाचकाला समजावून द्यावा लागतो. मराठीत त्याला तुरट म्हणतात, आणि आवळा, कच्चे केळे, सुपारी किंवा हिरडा तोंडात टाकलेल्या कोणालाही तो शिकवावा लागत नाही. आपल्या परंपरेने मानलेल्या सहा रसांपैकी तीन, म्हणजे गोड, आंबट आणि तुरट, यांच्या तोलावर वाइनची चव मुख्यतः उभी असते. कडूपणा थोडा येतो, खारटपणा क्वचित येतो आणि तिखटपणा मद्यार्काच्या उष्णतेच्या रूपाने घशाशी जाणवतो. पहिल्या घोटानंतर तोंडाला किती पाणी सुटले यावरून आंबटपणा, आणि जीभ किती आवळली यावरून तुरटपणा मोजावा, एवढे दोन निकष घेऊन बसलेल्या जोडप्याला शनाँ ब्लाँ ही पांढरी वाइन व काबेर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइन यांतील फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट कळतो.

वासाचे प्रकरण अधिक गहन आहे. ज्याला व्यवहारात चव म्हटले जाते तिचा मोठा भाग वास्तविक वास असतो, जो तोंडातून घशाच्या मागील बाजूने नाकापर्यंत पोहोचतो. सर्दी झाल्यावर जेवण बेचव का लागते, याचे कारण हेच. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये पेरू किंवा हिरव्या ढोबळी मिरचीचा, तर शिराझ या लाल वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो असे सांगितले जाते, आणि हे केवळ कविकल्पनेतील वर्णन नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की शिराझमधील मिरीच्या वासाला कारण असलेले रोटुंडोन हे द्रव्य आणि खऱ्या काळ्या मिरीतील द्रव्य एकच आहे. त्याच संशोधनातील दुसरा निष्कर्ष जोडप्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे: तपासलेल्या व्यक्तींपैकी सुमारे एक-पंचमांश व्यक्तींना हा वास पुष्कळ प्रमाणात मिसळूनही अजिबात आला नाही. याचा अर्थ असा की एकाच पेल्यातून पत्नीला मिरीचा वास येत असेल आणि पतीला येत नसेल, तर दोघेही खरे बोलत असण्याचा पूर्ण संभव आहे, आणि कोणी कोणाला चूक ठरवण्याचे कारण नाही.

जाणकारांचे दडपण घेऊ नये, यालाही शास्त्रीय आधार आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन, आणि तीच वाइन चव नसलेल्या लाल रंगाने रंगवून, अशा दोन पेल्यांतून देण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रंगवलेल्या पेल्याचे वर्णन त्यांनी लाल वाइनला लावल्या जाणाऱ्या शब्दांत केले. शिकलेले नाकही डोळ्यांच्या सांगण्यावरून चालते, हे यावरून सिद्ध होते. म्हणून दोघांनी एक साधी शिस्त पाळावी: प्रत्येकाने वास घेऊन आपल्या मनात आलेला शब्द आधी कागदावर किंवा फोनमध्ये लिहावा आणि मगच दुसऱ्याला सांगावा, कारण एकाने जांभूळ म्हटले की दुसऱ्याला जांभूळच दिसू लागते. परदेशी पुस्तकांतील फळांची नावे शोधत बसण्याऐवजी करवंद, कैरी, चिंच, फणस, मोहरलेला आंबा, पहिल्या पावसानंतरची माती, असे स्वतःच्या आठवणीतले शब्द वापरावेत. ते अधिक अचूक ठरतात, कारण त्यांच्यामागे अनुभव असतो.

दोघांपैकी एकजण मद्य घेत नसेल तर त्याने बाहेर थांबावे, असे मुळीच नाही. बागेची व कारखान्याची फेरी त्याच्यासाठीही तितकीच रंजक असते, आणि पेला हाताच्या उष्णतेने तापू नये म्हणून देठाशी धरून, हलकेच गोल फिरवून वास घेणे एवढा अर्धा अभ्यास न पिताही होतो. शिवाय परतीची गाडी चालवण्याचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो. दोघेही चव घेणार असतील तर मुक्काम करावा किंवा भाड्याची गाडी ठरवावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. चव घेताना एका प्रकाराची साधारण ३० मिलिलिटर वाइन देतात, आणि असे सहा प्रकार घेतले की १८० मिलिलिटर, म्हणजे वाइनच्या एका नेहमीच्या पेल्याहून थोडी अधिक वाइन पोटात जाते, ही बेरीज फारसे कोणी करत नाही. मेजावर ठेवलेले पिकदाणीसारखे भांडे यासाठीच असते. तोंडात घोळवून झालेला घोट त्यात टाकणे हा असभ्यपणा नसून व्यावसायिक चाखणाऱ्यांची नेहमीची पद्धत आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे, आणि २ ऑक्टोबरसारख्या मद्यबंदीच्या दिवशी चव घेण्याची खोली बंद असते, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

जेवून जावे, पण फार झणझणीत जेवू नये, कारण मिरचीचा दाह तुरट आणि तीव्र वाइन अधिक बोचरी करतो. नाशिकची मिसळ सकाळी खाऊन लगेच लाल वाइन चाखणाऱ्याला वाइन वाईट वाटते, ती प्रत्यक्षात मिसळीची करामत असते. क्रम साधारणतः फेसाळ, पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड असा ठेवतात, कारण तुरट व गोड चवींनंतर नाजूक चव कळत नाही. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा युरोपातील जुन्या थंड घरांमध्ये घडलेला नियम आहे. नाशिकच्या मार्चमधील दुपारी ती थोडी गार करून मागण्यात काहीही वावगे नाही.

निघताना बाटली घेतलीच पाहिजे असे बंधन नसते, आणि फिरकीचे झाकण असलेली बाटली बुचाच्या बाटलीपेक्षा हलक्या दर्जाची असते हा गैरसमज आहे. घ्यायची असेल तर ज्या वाइनवर दोघांचे एकमत झाले तिच्याऐवजी जिच्यावर मतभेद झाले ती घ्यावी, लिहिलेले शब्द तिच्याबरोबर जपून ठेवावेत, आणि काही आठवड्यांनी घरी, साध्या वरणभाताच्या जेवणाआधी, ती पुन्हा दोघांनी चाखून पाहावी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस चांगली राहते, त्यामुळे ती एका रात्रीत संपवण्याची गरज नाही.